तीन मोजेपर्यंत

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १७२/१०४, संध्याकाळी १६८/१०२

वही कंपनीच्या डॉक्टरांनी दिली. रोज दोनदा रक्तदाब मोजून लिहायचा, बास. पण दोन आकड्यांना अख्खं पान मिळालंय आणि घरी बसून मला दुसरा उद्योग नाही. बायको कामापुरतं बोलते. तेव्हा वहीशीच बोलतो.

मी टॉवर क्रेन चालवतो. बावीस वर्षं झाली. जमिनीपासून साठ मीटर वर, काचेच्या केबिनमध्ये, एकटा. खालची माणसं तिथून बोटाच्या पेराएवढी दिसतात. त्यातलं एकच पेर माझ्या कामाचं, सिग्नलमन. तो हातांनी खुणा करतो, त्याप्रमाणे मी लोड उचलतो, फिरवतो, उतरवतो. वॉकीटॉकी असतो, पण त्याची बॅटरी कधी कुणी चार्ज केली असेल तर शपथ.

दहा दिवसांपूर्वी सळयांचा बंडल उतरवत होतो. सिग्नलमनने ‘खाली’ अशी खूण केली. लोड खाली जाताना सिग्नलमन क्षणभर लोडाआड जातो, त्यात नवल नाही. मी नेहमीसारखे तीन मोजले. तीनला तो परत दिसायला हवा होता, दिसला नाही. ब्रेक मारला, तोवर बंडलाचं टोक एका फिटरच्या पायावर टेकलं होतं. पाय दोन ठिकाणी मोडला.

जबाबात मी लिहिलं की सिग्नलमनने जागा सोडली, थांबण्याची खूण केली नाही. सिग्नलमनने लिहिलं की त्याने दोन पावलं क्रेनच्या उजव्या अंगाला सरकून, दोन्ही हात पसरून थांबायला सांगितलं. बाकी सगळे लोडाकडे बघत होते. म्हणजे दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय. मी बोलत नाही.

आणि हा सिग्नलमन कोण, तर माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला साइटवर चिकटवला. तेरा मार्चला चौकशी आहे. ठपका त्याच्यावर आला तर त्याचं कार्ड रद्द होईल, मग कुठल्याच साइटवर त्याला उभं करणार नाहीत, आणि घरात दोन लहान मुली. ठपका माझ्यावर आला तर माझी केबिन गेली.

दाब १४०/९० च्या खाली आल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या आणि योगाच्या वर्गाला जायला सांगितलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार. १६६/१०२

वर्ग रोज सकाळी सहा ते सात, शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, काडीसारख्या. पूर्वी इस्पितळात एक्स-रे काढायच्या. आवाज तसाच, ‘श्वास घ्या, हलू नका’. आम्ही नऊजण. माझ्या शेजारी एक बेकरीवाला आहे. तो शवासनात पहिल्या मिनिटाला घोरायला लागतो आणि शेवटी उठून सगळ्यांत ताजातवाना दिसतो.

बाई म्हणाल्या, श्वास येतो-जातो तो नुसता बघा. मी बघत होतो. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “ओठ हलतायत तुमचे. मोजताय का?”

मी म्हटलं, सवय आहे. आमच्या कामात मोजल्याशिवाय पान हलत नाही.

“इथे पान हलवायचंच नाहीये,” त्या म्हणाल्या.

बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. जुन्या इमारतींची दारं फार अरुंद असतात.

१० फेब्रुवारी, सोमवार. १६४/१००

चहाचा कप सांडला. या आठवड्यात दुसऱ्यांदा. बायको कप उजव्या हाताशी आणून ठेवते आणि सांगत नाही. मी म्हटलं, दिसेल असा ठेवत जा की. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग फडकं आणून पुसून घेतलं.

रोज संध्याकाळी ती ‘जरा फिरून येते’ म्हणून जाते. भावाकडे जाते हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला. तिचं म्हणजे इकडे आड तिकडे विहीर झालंय. मला वाईट वाटतं, पण मी काय करू? पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू?

१५ फेब्रुवारी, शनिवार. १५८/९८. दुपारी एकदा १४९/९४!

युक्ती सापडली. दंडाला मशीनचा पट्टा बांधून बसायचं, चार मोजेपर्यंत श्वास आत, आठ मोजेपर्यंत बाहेर. दहा मिनिटांत आकडा नऊने उतरला. आज चौदा वेळा मोजलं. बायको म्हणाली, पट्टा बांधून बांधून हात झडेल एक दिवस.

वर्गात बाईंना कौतुकाने सांगितलं, तर त्या म्हणतात, “म्हणजे श्वासालाही कामावर ठेवलंत.” यांना काय जातंय. परीक्षा मला द्यायची आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. आज शवासनात पडलो असताना बेकरीवाला घोरायला लागला. ते ऐकता ऐकता माझं मोजणं कधी थांबलं ते कळलं नाही. पाठीखाली जमीन होती, तिने मला धरून ठेवलं होतं, आणि मला बरं वाटत होतं. काही कारण नव्हतं. घरी येताना त्याच्याच बेकरीतला गरम पाव घेतला आणि रस्त्यात उभ्याउभ्या खाल्ला. पावाला चव असते हे मी विसरलो होतो. मग फिटरचं हेल्मेट आठवलं. ते गरगरत बाजूला गेलं होतं आणि वरून पिवळ्या बटणासारखं दिसत होतं. उरलेला पाव घरी आणला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. १५२/९६

एका पायावर उभं राहण्याचं आसन. सत्तरीची आजी उभी राहते, मी पडतो. आणि दर वेळी उजवीकडेच पडतो.

वर्ग संपल्यावर बाईंनी विचारलं, “मघाशी मी तुमच्या उजवीकडे उभी राहून हात पुढे केला होता. धरला का नाहीत?” मी म्हटलं, लक्ष एकाग्र केलं होतं. तुम्हीच तर सांगता. त्या ‘हं’ म्हणाल्या.

मेहुणा रस्त्यात दिसला. आम्ही दोघांनीही चपलांकडे बघून घेतलं. अकरा वर्षं ज्याच्या हाताकडे बघून मी काम केलं, त्याच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. आकडा घेतला नाही

आज डोळ्यांचे व्यायाम होते. डावा डोळा तळहाताने झाकायचा, समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहायचं आणि उजव्या हाताचा अंगठा समोरून हळूहळू बाहेर न्यायचा. नजर हलवायची नाही. अंगठा दिसेनासा झाला की थांबायचं.

सगळ्यांचे हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेले. माझा वीतभर गेला आणि अंगठा संपला.

मला वाटलं, नजर हलली. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. काळोख नाही, डाग नाही, धूसरही नाही. भिंत होती, पूर्ण भिंत, रंगाचा ओघळसुद्धा दिसत होता. फक्त तिथे असलेला माझा हात नव्हता. बोटं हलवली. बोटं हलतायत हे बोटांना कळत होतं.

बाई समोर येऊन बसल्या. स्वतःचं बोट उजवीकडून, डावीकडून आणून दाखवलं, दोनदा, तीनदा. मग म्हणाल्या, “हे आपल्या वर्गातलं काम नाही. आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आज.”

आज मिळाली नाही, परवाची वेळ मिळाली. पेन धरलेला हात नीट दिसतोय, तरी सारखा बघतोय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उजव्या डोळ्याच्या पडद्यातली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली आहे. वाढलेल्या दाबामुळे. चार-पाच महिने झाले असावेत. बाहेरच्या बाजूचं दिसणं गेलंय आणि ते परत येणार नाही. समोरची अक्षरं नीट वाचता येतात, म्हणून कंपनीच्या तपासणीत सापडलं नाही. मी विचारलं, मग मला तिथे काळं का नाही दिसत? डॉक्टर म्हणाले, मेंदू रिकामी जागा ठेवत नाही, आजूबाजूचं बघून स्वतःच भरून टाकतो.

केबिनमध्ये मी नेहमी खिडकीच्या खांबाला डावा गाल टेकवून एकट्या उजव्या डोळ्याने खाली बघतो. डॉक्टरांना हे सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, माझं मलाच कळलं. मेहुणा दोन पावलं उजवीकडे सरकला आणि माझ्या मेंदूने तिथे माती भरली.

बाहेर बाकावर बायको बसली होती. सांगितलं. ती म्हणाली, “कप पडायला लागले तेव्हा मी विचारलं होतं, डोळे दाखवता का. तुम्ही खेकसलात.” मला आठवलं नाही. खेकसलो असेन.

केबिन संपली. बावीस वर्षांत मी सूर्य रोज सगळ्यांच्या आधी बघितला. रिक्षात रडलो. बायकोने हात धरून ठेवला, कितीतरी दिवसांनी.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. त्याला बहिणीकडून कळलं होतं. म्हणाला, “भावोजी, डोळ्याचं ऐकलं. म्हणजे कुणाचाच दोष नाही बघा. कुणाचाच नाही. तुमचाही नाही, माझाही नाही.” हेच तीन-चारदा म्हणाला. बिचारा सुटल्यासारखा बोलत होता. मीही सुटल्यासारखाच ऐकत होतो.

३ मार्च, सोमवार. १३८/८८

आला खाली आकडा! आणि आता उपयोग नाही. असं असतं.

सगळे गोड वागतायत. साइट मॅनेजर स्वतः घरी आले. डोळ्याचा कागद चौकशीत ठेवा, विषय संपला, म्हणाले. आजाराला कोण काय करणार? नव्या ऑपरेटरांना जमिनीवरून शिकवायचं काम देतो म्हणाले. मेहुणा कामावर परत येईल. बायको सकाळी स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

मग शवासनात माझा जीव घाबराघुबरा का व्हावा? आज पहिल्यांदा मी उठून बसलो. जरा अंग सैल सोडलं की आतून सुरू होतं. एक, दोन, तीन. श्वासाचं मोजणं वेगळं असतं. हे लिव्हरवर हात ठेवून मोजलेलं आहे, त्या दिवशीचं.

बाई म्हणाल्या, “जे येतंय ते येऊ द्या.” मी सतरंजी गुंडाळली आणि निघून आलो.

५ मार्च, बुधवार. १५६/९८

लिहून टाकतो. वही कोण वाचतंय.

नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. सिग्नलमन दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबायचं. लोडाआड जाऊ दे नाहीतर पाताळात जाऊ दे, थांबायचं. तो दिसला की पुढे. पण असं थांबत बसलं तर दिवसाचे दहा लोड कमी होतात. म्हणून जुने ऑपरेटर तीन मोजतात. तीनच्या आत तो बाहेर येतोच. बावीस वर्षं आला.

डोळ्याने मला मेहुणा दाखवला नाही, खरं आहे. पण न दिसणारा माणूस म्हणजे ‘थांब’. नजर घारीची असती तरी तो लोडाआड गेला तेव्हा मी लिव्हर सोडला नसता. डोळ्याने तीन मोजले नाहीत. मी मोजले.

७ मार्च, शुक्रवार. १६०/१००

दोन दिवस स्वतःशी भांडतोय. हे बोलून फिटरचा पाय जुळणार आहे का? नाही. मेहुण्यावर आळ आहे का आता? नाही. माझं नाव खराब होईल, लायसन्स आजारासाठी नाही तर चुकीसाठी रद्द होईल, जमिनीवरचं कामही जाईल. हाताने पायावर धोंडा कशाला? कुणी विचारलेलं नाही. झाकली मूठ ठेवावी.

असं ठरवून दुपारी साइटवर गेलो, फिटरच्या सोबत्यांना भेटायला. दोन्ही क्रेन चालू होत्या. दोन्हीकडचे ऑपरेटर माझ्या हाताखाली तयार झालेले. कुंपणाशी उभा राहून वर बघत होतो. पूर्वेच्या क्रेनवरून काँक्रीटची बादली खाली येत होती. सिग्नलमन बादलीआड गेला. बादली थांबली नाही.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, एक, दोन. तीनला सिग्नलमन बाहेर आला. बादली सुरळीत टेकली. कुणाला काही झालं नाही. मी कुंपणाची जाळी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले.

हे त्या ऑपरेटरला नियमाच्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. मी शिकवलंय, केबिनमध्ये त्याच्या मागे उभा राहून, खांद्यावर थोपटून. “घाबरतोस काय, तीन मोज.”

११ मार्च, मंगळवार. १५८/९८

वर्ग सुटल्यावर थांबलो. बाईंना सगळं सांगितलं, क्रेन, मोजणं, सगळं. शेवटी जरा रागातच म्हटलं, तुम्ही रोज म्हणता, जे आहे ते स्वीकारा. मी डोळा स्वीकारला. अजून किती स्वीकारू?

त्या पंखे बंद करत होत्या. एक बटण अडकलं होतं, त्याच्याशी झटापट करून झाल्यावर म्हणाल्या, “डोळा तुम्ही घालवला नाहीत. त्याचा स्वीकार सोपा असतो.” आणि किल्ली घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. मला निघावंच लागलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकताना हात थांबले नाहीत. मग विचारलं, “माझा भाऊ खाली असतानाही मोजायचात?”

“हो.”

“अकरा वर्षं?”

“हो.”

ती ताट तसंच ठेवून गॅलरीत गेली. मी मागे गेलो नाही, काय तोंडाने जाणार? सतरंजीवर बसलो. भीती वाटत होती, लाज वाटत होती, मेहुण्याच्या मुली डोळ्यांपुढे येत होत्या. पळून जायला मोजण्याचा रस्ता होता. तो धरला नाही. बसून राहिलो. अर्ध्या तासाने भीती तेवढीच होती, पण मी तिच्यापेक्षा जरा मोठा झालो होतो. यापेक्षा चांगलं सांगता येत नाही.

ती आत आली आणि म्हणाली, “परवा मी येते तुमच्याबरोबर.”

१३ मार्च, गुरुवार

चौकशी अकराला सुरू झाली. मेजाच्या पलीकडे चौकशी अधिकारी, शेजारी साइट मॅनेजर, अलीकडे मी आणि मेहुणा. अधिकाऱ्यांनी डोळ्याचा कागद वाचला, मान हलवली, फाइल मिटायला घेतली. मी म्हटलं, साहेब, अजून एक आहे.

पाणी प्यायलो. तीन मोजण्याचं सांगितलं, पहिल्यापासून. अधिकाऱ्यांनी विचारलं, “म्हणजे तुमची नजर शाबूत असती तरी लोड चालूच राहिला असता?”

मी म्हटलं, “सिग्नलमन दिसत नव्हता आणि मी उतरवत राहिलो. डोळा चांगला असता तर कदाचित दोनला थांबलो असतो. पण थांबायचं असतं ते एकच्याही आधी. आणि हे मी चार जणांना शिकवलंय. त्यातले दोघे आत्ता वर आहेत.”

मॅनेजर माझ्याकडे बघत होते ते अजून अंगावर येतंय. अधिकाऱ्यांनी फोन उचलला. दहा मिनिटांनी खिडकीतून पाहिलं तर दोन्ही क्रेन थांबल्या होत्या. ऑपरेटर शिडीने उतरत होते. उद्यापासून ते माझं नाव कसं घेतील ते मला माहीत आहे. लायसन्स तिथेच जमा केलं. जमिनीवरच्या कामाचं मॅनेजर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

सही केली आणि उठलो. लाज होतीच, पण छातीवरचा दगड उतरला होता. इतका मोकळा श्वास मला त्या हॉलमध्येसुद्धा कधी आला नव्हता. मी सुखी होतो. अशा दिवशी हा शब्द लिहायला संकोच वाटतो, पण होतो.

मेहुणा माझ्या मागोमाग व्हरांड्यात आला. वाटलं, आता शिव्या घालेल. हक्क होता त्याचा.

तो म्हणाला, “मला माहीत होतं, भावोजी.”

“काय?”

“तुम्ही मोजता ते. मीही खाली मोजायचो. लोडाआड गेलो की तीनच्या आत बाहेर यायचं, एवढंच ध्यानात ठेवायचं. म्हणून तर आपलं काम सगळ्यांत भरभर व्हायचं.” मग म्हणाला, “त्या दिवशी मी दोनला बाहेर आलो होतो. हात पसरून उभा होतो. तुम्ही थांबेनात.”

“मग जबाबात मोजण्याचं का नाही लिहिलंस?”

“तुमचं लिहिलं असतं तर माझंही लिहावं लागलं असतं.”

मीही तेच लपवलं होतं. त्याने वळून दाराकडे बघितलं. मग “आतले अजून उठले नसतील ना?” म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता दार ढकलून परत आत गेला.

बायको तिथल्याच बाकावर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, त्याचं कार्ड जाईल.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “रोज धडधाकट घरी तर येईल.”

मग आम्ही दोघं तो बाहेर यायची वाट बघत बसलो.